उष्मांकाचा हिशेब आणि भुकेची साक्ष

एक किलोग्राम पाण्याचें उष्णतामान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रांत एक उष्मांक, म्हणजेच किलोकॅलरी, असें म्हणतात. ही व्याख्या शास्त्राच्या तासाला आपण पाठ केलेलीच आहे. परंतु अलीकडे कित्येक विद्यार्थी, आणि विशेषेंकरून विद्यार्थिनी, रात्रीं घरीं मोबाईलवर दिवसभराच्या उष्मांकांची बेरीज मांडतात, आणि ती ठरविलेल्या आंकड्यापलीकडे गेली म्हणजे दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत डबा न उघडतांच परत नेतात. वाढत्या वयाच्या देहाला हा व्यवहार परवडणारा नाहीं. म्हणून हा आंकडा कोठून आला, त्याचा अधिकार कितपत आहे, आणि तो बाजूला सारल्यास त्याच्या जागीं काय यावें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत वेस्लियन विश्वविद्यालयाचे रसायनाध्यापक विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांनीं १८९० नंतरच्या दशकांत रोझा नामक पदार्थविज्ञानवेत्त्याच्या साहाय्यानें एक बंदिस्त खोली तयार केली. तींत मनुष्य कित्येक दिवस राही, जेवी, निजे, व्यायाम करी. आणि त्याच्या देहांतून निघणाऱ्या उष्णतेचें व श्वासवायूचें सूक्ष्म मापन होई. अशा प्रयोगांतून एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन म्हणजे ४ उष्मांक व एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे ९ उष्मांक, हें कोष्टक रूढ झालें. मजुरानें थोड्या पैशांत अधिकांत अधिक पोषण कसें मिळवावें, हें त्यास सांगतां यावें असा ॲटवॉटर यांचा हेतु होता. मूळ प्रश्न पोट भरण्याचा होता, पोटाला चिमटा घेण्याचा नव्हे. पुढें १९१८ सालीं लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचें पुस्तक निघालें. पावाचा तुकडा म्हणूं नका, इतक्या उष्मांकांचा पाव म्हणा, असा त्यांचा उपदेश. पुस्तक अफाट खपलें, आणि प्रयोगशाळेंतील माप जेवणाच्या टेबलावर येऊन बसलें.

हें मापहि सरासरीचें आहे. अमेरिकन कृषिखात्याच्या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, २८ ग्रॅम बदामांत कोष्टकाप्रमाणें सुमारें १७० उष्मांक असावयास हवे होते, पण देहाला मिळाले १२९. बदामाच्या कित्येक पेशी दांतांखालीं फुटतच नाहींत, व त्यांतील तेल तसेंच बाहेर पडतें. मग रोज निराळ्या जाडीची भाकरी, आणि आईच्या हाताच्या अंदाजानें तेल पडलेली आमटी, यांची बेरीज कितपत बरोबर येणार?

तथापि खरी हानि चुकीच्या बेरजेनें होत नाहीं. ती कशानें होते, हें पाहावयाचें असल्यास १९४४ च्या नोव्हेंबरांत मिनेसोटा विश्वविद्यालयांत अँसेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांवर आरंभिलेला प्रयोग पाहावा. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीस स्मरून युद्धांत शस्त्र धरण्यास नकार दिलेले होते. त्यांत ब्रेदरेन, क्वेकर व मेनोनाइट मंडळ्यांतले पुष्कळ. यूरोपांतील उपाशी जनतेस पुनः कसें पोसावें हें कळावें म्हणून त्यांनीं स्वखुषीनें अर्धपोटीं राहणें पत्करलें. २४ आठवडे त्यांना दररोज सरासरी १,५७० च्या आसपास उष्मांक मिळाले. (हा आंकडा वाचकांनीं नीट पाहावा; वजन घटविण्याच्या कित्येक कोष्टकांत आज याहूनहि लहान आंकडा छापलेला असतो.) त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश उतरलें. बोलण्यांत अन्न, स्वप्नांत अन्न. कित्येकांनीं पाककृतींचीं पुस्तकें जमविलीं, ताटें चाटून पुसलीं. थट्टामस्करी व स्नेहसंबंध यांतील गोडी आटली. बंधन उठल्यावर कांहीं जण पोट तुडुंब भरूनहि तृप्त होईनात. हे तरुण दुबळ्या मनाचे खास नव्हते. टंचाईची वर्दी लागतांच देह मनाला दुसरा विषय सुचूं देत नाहीं, इतकेंच. आठवडाभर आंकडा पाळून एके रात्रीं डबाभर चिवडा फस्त करणारी आणि मग स्वतःस अधाशी म्हणून रडणारी मुलगी आम्हांस ठाऊक आहे. हा वृत्तान्त तिच्यासाठींच सांगितला.

एव्हलिन ट्रिबोली व एलिस रेश या दोन अमेरिकन आहारतज्ज्ञांनीं १९९५ सालीं निराळा मार्ग पुस्तकरूपानें मांडला. भूक व तृप्ति यांची देहांतील जाणीव हेंच माप धरावें, असें त्यांचें म्हणणें. या जाणिवेस आधार आहे. जठरांतून निघणारें घ्रेलिन, जें जपानी शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं शोधिलें, भूक जागवितें. चरबींतून निघणारें लेप्टिन, ज्याचा शोध १९९४ चा, सांठ्याची खबर मेंदूस देतें. हिशेबाची संवय लागलेल्यानें प्रथम जेवणाच्या वेळा नियमित कराव्या, म्हणजे भूक अनावर होण्याची पाळी येत नाहीं. निषिद्ध पदार्थांची यादी फाडून टाकावी. पहिले कांहीं दिवस तेच पदार्थ अधिक खाल्ले जातील, पण नवलाई ओसरते. अर्धें जेवण झाल्यावर क्षणभर थांबून पोटास विचारावें, कारण तृप्तीची सूचना पोंचण्यास पंधरा-वीस मिनिटें लागतात. आमच्या पंक्तींतील आग्रह येथें आड येतो, हें कबूल केलें पाहिजे. यजमानीणबाईंस नमस्कार करून ताटावर हात आडवा धरण्याची कला मुलांस शिकवावी लागेल.

देहाची साक्ष सर्वत्र खरी मानावी काय? अमेरिकेंतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनीं १९२६ पासून १५ बालकांस ३४ साध्या पदार्थांच्या यादींतून स्वतः निवडून खाऊं दिलें, आणि तीं सुदृढ वाढलीं. मुडदूस झालेलें एक बाळ कॉड माशाचें तेल आपण होऊन पीत असे. व्याधि बरी झाल्यावर त्यानें तें सोडलें. परंतु खरी मेख पदार्थांच्या यादींत होती, हें डेव्हिस यांनींच सांगितलें आहे; साखर तींत नव्हती. २०१९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत केव्हिन हॉल यांनीं २० जणांना दोन आठवडे कारखान्यांतील अतिप्रक्रियित अन्न व दोन आठवडे साधें अन्न हवें तितकें खाऊं दिलें. पहिल्या प्रकारच्या अन्नावर ते दररोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खात, व त्यांचें वजन सरासरी ०.९ किलोग्राम वाढलें. वेफर्सच्या पाकिटापुढें हा साक्षीदार फितूर होतो.

शिवाय इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही विद्यार्थ्यास पिष्ट मोजणें सुटत नाहीं. आणि उपासाचा आजार जडलेल्यास भूक कळेनाशी झालेली असते, त्यानें डॉक्टरांनीं लावून दिलेल्या वेळींच जेवावें. वजन उतरेल असें वचनहि हा मार्ग देत नाहीं. आजवरच्या अभ्यासांत दिसतें तें असें कीं, या रीतीनें जेवणाऱ्यांस अन्नाची धास्ती कमी असते, आणि चोरून भराभर खाण्याचे प्रसंग त्यांजवर कमी येतात.