मुक्या सोबत्याची वाट

घरात कुत्रा असला, की संध्याकाळच्या सुमारास त्याची एक निराळीच गडबड सुरू होते. खुंटीवरची साखळी नुसती वाजली, तरी तो दाराकडे धावतो, परत येतो, पायांत घोटाळतो आणि शेपटीने सारे अंगण झाडून काढतो. आपल्याला कोठे नेणार, किती दूर नेणार, वाटेत ऊन आहे की सावली, यांपैकी काहीच तो विचारीत नाही. महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाकडे निघाले, तेव्हा एक कुत्रा आपण होऊन त्यांच्या मागोमाग गेला. द्रौपदी आणि चार भाऊ वाटेत पडले, तरी तो कुत्रा युधिष्ठिराबरोबर अखेरपर्यंत राहिला. आणि इंद्राने स्वर्गाचा रथ पुढे केला, तेव्हा कुत्र्याला टाकून रथात बसावयाचे युधिष्ठिराने नाकारले. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी नव्हती. वाटेल तेथून परत फिरण्याची त्याला मोकळीक होती. घरच्या मोतीला ती नसते. यास्तव त्याच्यासाठी वाट निवडण्याचे काम साखळी धरणाऱ्यानेच करावयाचे असते, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

कुत्र्याला फिरावयास न्यावयाचे म्हटले, की पहिली आठवण पाण्याच्या काठाची होते. ते योग्यच आहे. नदीकाठची हवा गार असते, पायांखाली माती असते, करंज, उंबर, जांभूळ अशा झाडांची सावली असते. शिवाय काठावर वासांची तर जत्राच भरलेली असते. कुत्र्याचे जग मुख्यतः वासाचे असल्यामुळे माणसाला जे नुसते गवत दिसते, तेथे त्याला कालपासून कोण कोण येऊन गेले याची सारी वार्ता मिळते. तो पावलोपावली थांबतो, हुंगतो. त्याला पुढे ओढू नये; फिरण्यातला त्याचा अर्धा आनंद त्या थांबण्यातच असतो.

मात्र माणसाला जी वाट सोपी वाटते, ती कुत्र्यालाही सोपी असेलच असे नाही. माणूस पायांत वहाणा घालून चालतो आणि त्याचे डोके जमिनीपासून चार-पाच फूट उंच असते. कुत्रा अनवाणी चालतो, आणि त्याचे पोट जमिनीपासून वीत-दोन वितांवर असते. उन्हाने तापलेल्या रस्त्याची धग त्याला खालून भाजते. त्यात आणखी एक अडचण अशी, की माणसाप्रमाणे त्याच्या सर्वांगाला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या तळपायांना असतात, पण एवढ्याने शरीर निवत नाही. म्हणून तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जिभेवरची आणि तोंडातली ओल वाफ होऊन जाते, तेव्हा त्याचे रक्त थंड होते. निरोगी कुत्र्याचे तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापासुद्धा नीट टाकता येत नाहीत. त्यांना उन्हात नेणे हा निव्वळ निर्दयपणा होय.

वाट फार तापली आहे काय, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. हाताची पालथी बाजू जमिनीवर टेकून मनात सावकाश सातपर्यंत अंक मोजावे. तितका वेळ हात ठेववत नसेल, तर त्या वाटेवरून कुत्र्याने चालू नये.

आता एक खरीखुरी जागा घेऊन पाहू. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी वाई हे गाव आहे. तेथून सुमारे तीन किलोमीटरवर, त्याच नदीच्या काठी, मेणवली आहे. मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आणि सुंदर दगडी घाट आहे. घाटावर जी मोठी घंटा आहे, ती १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक होय. वाईच्या एखाद्या मुलाला आपल्या मोतीला घेऊन मेणवलीच्या बाजूला फिरावयास जावेसे वाटले, तर त्याने काय काय पाहावे?

पहिला प्रश्न अंतराचा. तीन किलोमीटर म्हणजे काही फार नव्हे, असे मनात येते. परंतु जितके गेलो तितकेच परत यावयाचे असते, आणि कुत्रा ‘मी दमलो’ असे सांगत नाही. धनी चालत आहे तोवर तोही चालत राहतो. धडधाकट, सवयीच्या कुत्र्याला गार हवेत सहा किलोमीटर जड नाहीत. पण चार-पाच महिन्यांचे पिलू किंवा दहा वर्षांचा म्हातारा कुत्रा यांच्यासाठी एक किलोमीटर जाऊन फिरणे पुष्कळ झाले. नानांचा घाट पळून जात नाही. तो एखाद्या सुटीच्या दिवशी मोतीला घरी ठेवूनही पाहता येतो.

दुसरा प्रश्न वाटेचा. मोटारींचा डांबरी रस्ता पाण्याजवळून जात असला, तरी तो सोडून द्यावा. मग डोळ्यांत भरते ती कालव्याच्या कडेची वाट. वाईच्या वर धोमचे धरण आहे, आणि महाराष्ट्रातील कितीतरी धरणांप्रमाणे त्यालाही कालवे आहेत. कालव्याची वाट सपाट, सरळ, रहदारी नसलेली, आणि शेजारी संथ पाणी. पाहणाऱ्याला वाटते, यापेक्षा सोपी वाट ती कोणती! पण कुत्र्याच्या दृष्टीने हीच वाट सर्वांत घातक ठरू शकते. ज्या कालव्याला सिमेंटचे अस्तर असते, त्याच्या बाजू उतरत्या आणि गुळगुळीत असतात. पाण्यालगत त्यांवर शेवाळ धरलेले असते. तहानलेला कुत्रा पाणी पिण्यास उतरतो आणि घसरतो. कुत्र्याला उपजतच पोहता येते, असे म्हणून माणसे निर्धास्त राहतात. परंतु पोहणे वेगळे आणि बाहेर येणे वेगळे. त्याची नखे त्या शेवाळावर ठरत नाहीत. तो पुनःपुन्हा वर येऊ पाहतो, पुनःपुन्हा घसरतो, आणि वरून संथ दिसणारे पाणी त्याला खाली वाहून नेत असते. त्याचे ते धडपडणे पाहून धनी कळवळतो आणि उडी घालतो. मग त्या गुळगुळीत बाजूवर माणसाचेही पाय ठरत नाहीत.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. कुत्रा पाण्यात पडला, तर त्याच्यामागे पाण्यात उतरावयाचे नाही. त्याला हाका मारीत, प्रवाहाच्या दिशेने काठाकाठाने, कडेपासून दूर राहून पुढे जावे. कोठे पायऱ्या किंवा उतार असेल, तर तेथे त्याला बोलावून घेता येते. मोठ्याने ओरडून शेतातल्या माणसांना बोलवावे. मोठ्या माणसांजवळ दोरी असते, बळ असते. पण खरा उपाय याच्या आधीचाच आहे: अशा कालव्याची वाट मुळात निवडू नये, आणि दुसरी वाट नसेलच, तर साखळी आखूड धरून कुत्र्याला पाण्याच्या उलट बाजूस चालवावे.

राहिली ती नदीकाठची मातीची पायवाट. मोतीची वाट तीच. तथापि तिलाही ऋतू असतात. पावसाळ्यात, किंवा वरच्या धरणातून पाणी सोडले असता, नदी बघता बघता चढते. तेव्हा पात्रात आणि घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जाऊ नये. पावसाळा सरला, की माळावरचे कुसळी गवत वाळते. त्याची कुसळे बाणासारखी असतात: आत शिरली, की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत ती शिरली, म्हणजे जखम चिघळते. सराट्यांचे आणि बाभळीचे काटे तर बारमाही. काठावर मासे धरणाऱ्यांचे तुटलेले गळ आणि फुटक्या बाटल्यांच्या काचाही पडलेल्या असतात. या कारणासाठी नवी वाट आधी कुत्र्यावाचून, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर, एकदा पाहून यावी. त्या वेळी नजर जमिनीवर ठेवावी. देखावा नंतरही पाहता येतो.

वाट उसाच्या फडाजवळून जात असेल, तर आणखी सावध राहावे. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या बागायती भागांत बिबटे उसाच्या आडोशाने राहतात, आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. अकोले भागातील बिबट्यांच्या आहाराविषयीचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्यांच्या खाण्यातील वजनाने सुमारे ३९ टक्के भाग कुत्र्यांचा असल्याचे आढळले. उन्हाळ्यात गारव्यासाठी पहाटे निघावेसे वाटते, ते ठीक. पण अंधारात निघू नये. चांगले उजाडल्यावर निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घर गाठावे.

पाण्याजवळ जात आहोत, तेव्हा कुत्र्यासाठी पाणी नेण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. कारण असे, की काठावरचे सारेच पाणी पिण्याजोगे नसते. साचलेल्या डबक्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. काही तळ्यांवर उन्हाळ्यात हिरवट-निळसर साय धरते. त्या नीलहरित शैवालाच्या काही जाती इतक्या विषारी असतात, की ते पाणी पिऊन कुत्रे थोड्या वेळात दगावतात. समुद्राचे खारे पाणीही त्याला बाधते. एक बाटली आणि एक उथळ वाडगा बरोबर असला, म्हणजे ही चिंता उरत नाही.

आतापर्यंत मोतीच्या जिवाचा विचार झाला. पण पाण्याचा काठ ओसाड नसतो. तेथे इतरांची घरे असतात. टिटवी आपली अंडी झाडावर घालीत नाही. उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये ती चार अंडी घालते, आणि त्यांचा रंग मातीसारखा असल्यामुळे ती जवळ गेले तरी दिसत नाहीत. उन्हाळ्यात नदीतील वाळूच्या बेटांवर नदीसुरय पक्षी अशीच अंडी घालतात. मोकळा सोडलेला कुत्रा तेथे नुसता धावला, तरी पक्षी उडून जातात. ते परतेपर्यंत अंडी उन्हात तापतात, आतला जीव मरतो. कुत्र्याने अंड्याला तोंडही लावलेले नसते. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, तर समजावे, की तिचे घरटे जवळपास आहे, आणि आल्या वाटेने मागे फिरावे. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवे वाळूत अंडी घालतात. कुत्री आणि कोल्हे ती उकरून खातात, म्हणून २००२ सालापासून तेथे ती अंडी कुंपणाच्या आत नेऊन जपतात. थंडीच्या दिवसांत अशा किनाऱ्यावर कुत्र्याला साखळीवाचून सोडणे बरे नव्हे.

अभयारण्यातील तळे कितीही सुंदर असले, तरी तेथे कुत्र्याला नेऊ नये. कुत्र्यांचे काही रोग वन्य पशूंना होतात. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात १९९४ साली डिस्टेंपर या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. त्या रोगाचा उगम भोवतालच्या गावांतील कुत्र्यांत होता, असे शास्त्रज्ञांचे मत पडले. एवढा थोर वनराज, पण कुत्र्याच्या रोगापुढे त्याचे काही चालले नाही! डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस आणि पिसाळण्याचा रोग या तिन्हींवर कुत्र्यासाठी लसी आहेत. त्या टोचून घेतल्यावाचून त्याला काठावर काय, गल्लीतही नेऊ नये.

माणसांचीही काळजी घ्यावी लागते. घाटावर कोणी धुणे धूत असते, कोणी सूर्याला अर्घ्य देत असते, लहान मुले डुंबत असतात. कुत्र्याला भिणारी माणसे पुष्कळ असतात, आणि ‘तो काही करीत नाही’ या वाक्याने त्यांची भीती जात नाही. माणूस दिसताच साखळी आखूड करावी. कुत्र्याची घाण कागदाने उचलून खड्ड्यात पुरावी; पावसाने ती नदीत जाते, आणि नदीचे पाणी खालच्या गावातले लोक भरतात. दुसऱ्या वस्तीची कुत्री भुंकत पुढे आली, तर पळू नये, दगडही उचलू नये. मोतीला जवळ घेऊन सावकाश मागे वळावे. ती आपली हद्द राखीत असतात. त्यांचेही बरोबरच आहे.

वाटेत मोती सावलीत बसला आणि उठेना, धापा थांबेनात, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, तर ते ऊन लागल्याचे लक्षण होय. त्याला तेथेच सावलीत ठेवून पोटावर, पायांवर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, आणि मोठ्या माणसांना बोलावून गुरांच्या दवाखान्यात न्यावे.

घरी परतल्यावर चारही पावले उलटून पाहावीत. बोटांच्या बेचक्यांत कुसळ, कानांच्या आत गोचीड आहे काय, ते बोटांनी चाचपावे. गोचीड पिरगाळून काढू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, म्हणजे तिचे तोंड आत राहत नाही. कानात कुसळ शिरलेले दिसले, तर मात्र घरी खटपट न करता डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे. पाणी लगेच द्यावे. जेवण अर्ध्या तासाने.