दुधाच्या वहीतली शेवटची पानं

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे 11 एप्रिल 2016 ला बेपत्ता झाल्या, पुढे त्यांचा खून झाल्याचं उघड झालं. तेव्हापासून आमच्या रोडपाली-कळंबोलीत बायका एकमेकींना विचारत आल्या, "स्वतः पोलिसात असून तिला कळलं कसं नाही?" पुढे हाच प्रश्न माझ्या वाट्याला आला. चांगली शिकलेली, नोकरी करणारी, मग इतकी वर्षं नवऱ्याचा मार खाल्लाच कशाला?

कळतं हो, पहिल्याच वेळी कळतं. पण मारणारा माणूस चोवीस तास मारत नसतो. रात्री कानाखाली वाजवली की सकाळी तोच चहा करून आणायचा, गालाला बर्फ लावायचा आणि हळूच म्हणायचा, "तू मला डिवचतेस कशाला?" की झालं, दोष माझ्या पदरात! हात उचलायच्या कितीतरी आधी बाकीचं सुरू झालं होतं. पगाराचं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. आईचा फोन आला की स्पीकरवर टाकायचा. राग आवरत नाही म्हणायचा, पण ऑफिसात साहेबापुढे तोच राग बरोबर आवरायचा. म्हणून मी त्याला राग म्हणत नाही, हुकमत म्हणते. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त मारहाणीला हिंसा मानत नाही. लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. म्हणजे माझं एटीएम कार्डसुद्धा.

मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवायचे. तारीख, वेळ, कशाने मारलं, शब्द काय वापरले, कोणी ऐकलं. तिकडे त्याचं लक्ष कधी गेलं नाही. कोर्टात उलटतपासणीला वकील तारखा विचारून भंडावतात, तेव्हा हीच पानं कामी आली. तुम्हीही त्याच दिवशी लिहा. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात जा. "बाथरूममध्ये पडले" असं सांगू नका. कोणी मारलं ते सांगा, कागदावर नोंद होऊ द्या आणि त्याची प्रत घ्या. धमकीचे मेसेज ज्या मोबाइलवर आले तो विकू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, सोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकिलाला आधीच विचारून घ्या.

पोलिसांत गेलात की "घरातलं भांडण" म्हणून एन.सी. (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवायची रीत आहे. तिथे बधू नका. नवरा किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता हा दखलपात्र गुन्हा आहे. जुनं 498 अ म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. तरीही कोणी लिहून घेत नसेल तर तक्रार लेखी करून टपालाने वरिष्ठांकडे पाठवा आणि पावती जपा. इथे एक घोळ नेहमी होतो : रोडपाली जिल्ह्याने रायगडात, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. टपाल अलिबागच्या अधीक्षकांना नाही, आयुक्तालयाला जायला हवं.

ही झाली फौजदारी वाट. घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा आणि "याने माझ्या जवळ फिरकू नये" असा आदेश हवा असेल तर 2005 च्या कायद्याखाली पनवेलच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून निघून जावं लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागा. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, 15100 वर फोन करा.

मात्र घर सोडायचा बेत त्याला सांगून सोडू नका. हुकमत हातची जाते आहे हे कळलं की असा माणूस सर्वांत धोकादायक होतो. कागदपत्रं आधी मैत्रिणीकडे ठेवा, मग निघा.

आता अश्विनी यांच्या खुनाच्या खटल्यातल्या निकालाचं. अश्विनी यांचा मृतदेह सापडलाच नाही. तरीही परिस्थितिजन्य आणि डिजिटल पुराव्यावर खटला उभा राहिला. वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला पनवेलच्या सत्र न्यायालयाने खुनासाठी दोषी ठरवलं आणि 21 एप्रिल 2025 ला जन्मठेप सुनावली. त्याला 2017 मध्ये राष्ट्रपती पदक जाहीर झालं होतं! अश्विनी यांचा नवरा राजू गोरे आणि माहेरची माणसं नऊ वर्षं मागे लागली होती. शिक्षा झाली याचं समाधान आहे, पण नऊ वर्षं फार झाली, असं माझं मत.

शेवटचं शेजाऱ्यांसाठी. या इमारतींच्या भिंती पातळ आहेत, सगळं ऐकू येतं. 112 किंवा 181 फिरवा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 नुसार संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.