धागा तुटला की थांबणारा माग

१४ फेब्रुवारी १८६७ रोजी जपानमधील यामागुची या लहानशा खेड्यात, एका सुताराच्या घरी, साकिची टोयोदा यांचा जन्म झाला. हे खेडे आता शिझुओका प्रांतातील कोसाई नगरात सामावून गेले आहे. वडिलांच्या हाताखाली साकिची सुतारकाम शिकला. परंतु रंधा आणि पटाशी यांपेक्षा त्याचे चित्त घरातील मागाकडे अधिक ओढ घेई. त्या भागात हातमागावर विणण्याचा व्यवसाय घरोघर चाले. साकिचीची आईही विणीत असे. दिवसभर श्रम करूनही कापड निघे ते थोडेच, हे त्या मुलाने लहानपणापासून पाहिले होते.

कापड विणताना उभ्या धाग्यांचा ताणा मागावर ताणून बसवलेला असतो. त्यामधून धोटा इकडून तिकडे सारून आडवा धागा, म्हणजे बाणा, घालावयाचा आणि फणीने ठोकून तो घट्ट बसवावयाचा, असे हे काम. जुन्या जपानी मागावर धोट्यासाठी एक हात आणि फणीसाठी दुसरा, असे दोन्ही हात गुंतून पडत. साकिचीने अनेक माग बनवले आणि मोडले. शेजारीपाजारी त्याला वेडा म्हणू लागले. सुताराच्या मुलाने दारे-खिडक्या कराव्यात. मागाच्या लाकडांशी खेळत बसणे हे काय काम झाले? १८९० साली तोक्यो येथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. तेवीस वर्षांचा साकिची तेथे दिवसामागून दिवस जाऊन यंत्रांसमोर उभा राही. त्याच वर्षी त्याचा नवा हातमाग सिद्ध झाला. फणी मागेपुढे करणाऱ्या एकाच हाताने आता धोटाही पळू लागला आणि तेवढ्याच वेळात सुमारे दीडपट कापड निघू लागले.

पुढे १८९६ च्या सुमारास साकिचींनी वाफेच्या शक्तीवर चालणारा माग बनवला. शक्तीने चालणाऱ्या मागात एक मोठी खोड असते. माणूस विणीत असेल, तर आडवा धागा तुटताच त्याचा हात आपोआप थांबतो. यंत्राला डोळे नसतात. धागा तुटला तरी ते धडधडत राहते आणि सदोष कापडाचे वारच्या वार बाहेर टाकते. म्हणून प्रत्येक मागापाशी एक माणूस निव्वळ पहारेकऱ्यासारखा उभा करावा लागे. साकिचींनी आपल्या मागाला अशी युक्ती जोडली, की बाण्याचा धागा तुटला किंवा संपला की माग जागच्या जागी थांबावा. दिसावयास ही गोष्ट लहान आहे. परंतु पुढच्या साऱ्या कथेचे बीज तिच्यात आहे.

ही युक्ती सुधारत सुधारत १९२४ साली ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. चालता चालताच त्यातील रिकामा धोटा बदलला जाई, आणि ताण्याचा वा बाण्याचा धागा तुटला तर माग थांबे. त्यामुळे एकच कामगार तीस-तीस मागांवर देखरेख करू शके. ज्या इंग्लंडने जगाला शक्तीचे माग दिले, त्याच इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने १९२९ साली एक लक्ष पौंडांचा करार करून या मागाचे हक्क घेतले.

या करारासाठी साकिचींचे पुत्र कीइचिरो इंग्लंडला गेले होते. तोक्यो विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकलेल्या या तरुणाच्या मनात आता मोटारी घोळू लागल्या होत्या. १९२३ च्या भयंकर भूकंपात तोक्योचे लोहमार्ग उद्ध्वस्त झाले, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या मोटारींनी लोकांची ने-आण केली होती. त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी जपानमध्येच मोटारी जुळवण्याचे कारखाने काढले आणि रस्तोरस्ती त्यांच्याच गाड्या धावू लागल्या. त्यांच्याशी स्पर्धा करावयाची म्हणजे हत्तीला झुंज देण्यासारखे होते. परदेशच्या या प्रवासात कीइचिरोंनी मोटारींचे कारखाने बारकाईने पाहिले. १९३० साली साकिची निवर्तले. १९३३ साली मागांच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग निघाला.

कीइचिरोंनी एक अमेरिकन गाडी विकत आणून ती खिळा न् खिळा सुटी केली. प्रत्येक भाग मोजला, रेखाटला, आणि मग स्वतः करावयास घेतला. मागाचे बीड ओतणाऱ्या कारागिरांना इंजिनाचे पोकळ ओतकाम साधेना. कित्येक ओतीव भाग वितळवून पुन्हा ओतावे लागले. अखेर १९३५ च्या मे महिन्यात पहिली नमुन्याची मोटार आणि नोव्हेंबरात ‘जी वन’ ही मालमोटार तयार झाली. लोकांना दाखवण्यासाठी या मालमोटारी तोक्योला निघाल्या असता वाटेतच एकीचा सुकाणूचा भाग मोडला. शुभारंभ असा झाला.

या मालमोटारी ज्यांनी प्रथम विकत घेतल्या, त्यांच्या धैर्याचे कौतुक केले पाहिजे. गाडी माल भरून निघे आणि रस्त्यात कोठेतरी बसे. मागच्या आसाचे कवच तडके. मालाचा खोळंबा होई, आणि पाहणारे हसत ते वेगळेच. कंपनीच्या विक्रीचे काम शोतारो कामिया यांच्याकडे होते. जनरल मोटर्समधील मोठ्या पगाराची नोकरी सोडून ते येथे आले होते. गिऱ्हाईक पहिले, विक्रेता दुसरा आणि कारखानदार शेवटचा, असा त्यांचा क्रम ठरलेला असे. सुरुवातीच्या गाड्या त्यांनी मुद्दाम कारखान्याच्या जवळपासच्या, समजूतदार गिऱ्हाइकांना विकल्या. कोठे गाडी बसल्याचे कळले, की रात्र असो वा पाऊस असो, दुरुस्त करणारी माणसे तिकडे धाव घेत. स्वतः कीइचिरोही जात आणि गाडीखाली शिरून मोडलेला भाग पाहत. जो भाग मोडे तो नुसता बदलून ते थांबत नसत. तो का मोडला हे शोधून पुढच्या गाडीत तो अधिक बळकट करीत. पहिल्या मालकांनी सोसलेला त्रास अशा रीतीने पुढच्या मालकांच्या उपयोगी पडला.

घराण्याचे नाव टोयोदा, मग गाडीचे नाव टोयोटा कसे झाले? १९३६ साली कंपनीने बोधचिन्हासाठी लोकांकडून नमुने मागवले. त्यांतून ‘टोयोटा’ हे नाव पुढे आले. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते, आणि आठ हा आकडा जपानमध्ये भरभराटीचा मानतात. १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. कोरोमो या गावी तिचा मोठा कारखाना उभा राहिला. रेशमाचा धंदा बसल्याने ओस पडू लागलेले ते गाव इतके वाढले, की १९५९ साली त्या नगराचेच नाव टोयोटा ठेवण्यात आले.

महायुद्धानंतरचा काळ मात्र कठीण गेला. लोकांजवळ पैसा नव्हता; विकलेल्या गाड्यांची रक्कम वसूल होईना. बँकांनी खर्च कमी करण्याची अट घातली. कामगारांना काढणार नाही, असा शब्द कीइचिरोंनी दिला होता. तो पाळता आला नाही. १९५० साली दीर्घ संप झाला, सुमारे दोन हजार कामगारांना जावे लागले, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये कीइचिरोंनी स्वतः अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याने मालमोटारी मागवल्या आणि कंपनी सावरली. शेजारच्या देशावर कोसळलेल्या आपत्तीतून हे घडले, हेही विसरता येत नाही. कीइचिरोंना परत बोलावण्याचे ठरत होते. पण मार्च १९५२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

साकिचींच्या मागाची युक्ती मोटारींच्या कारखान्यात रुजवली ती ताईइची ओनो यांनी. ते मूळचे टोयोदांच्या कापड कारखान्यातील. मोटारींच्या जुळणीची रांग एकसारखी पुढे सरकत असते. इतर कारखान्यांत ही रांग थांबवणे हा मोठा अपराध समजत. एखादा खिळा सैल राहिला तरी गाडी पुढे जाई आणि दुरुस्ती शेवटी होई. ओनो यांच्या पद्धतीने रांगेच्या वर एक दोरी बांधलेली असे. दोष दिसताच कोणत्याही कामगाराने, मग तो कालच कामावर आलेला असो, ती दोरी ओढावयाची. दिवा लागे, प्रमुख धावत येई, आणि दोष तेवढ्या वेळात निघाला नाही तर सारी रांग थांबे. धागा तुटला की माग थांबावा, तसेच हे.

थांबल्यावर काय करावयाचे, याचीही शिस्त होती. ‘का?’ हा प्रश्न एकदा विचारून भागत नसे. तो पाच वेळा विचारावयाचा. यंत्र का बंद पडले? अतिरिक्त भाराने विजेची तार जळाली. भार का वाढला? फिरणाऱ्या भागाला तेल मिळाले नाही. तेल का मिळाले नाही? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? तेलाला गाळणी नव्हती, म्हणून लोखंडाचा कीस आत गेला. जो पहिल्याच उत्तरावर थांबेल तो नवी तार घालील, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा जळेल. गाळणी बसवली म्हणजे दोष मुळातून गेला.

१९५७ साली टोयोटाने क्राउन नावाची मोटार अमेरिकेत नेली. जपानच्या खडबडीत, अरुंद रस्त्यांवर ती उत्तम चाले. तेथील टॅक्सीवाल्यांनी तिला नावाजले होते. अमेरिकेचे मार्ग रुंद, सरळ आणि लांबच लांब. तेथे मोटारी तासन् तास भरधाव जात. त्या वेगाने क्राउन थरथरू लागे, इंजिन तापे आणि चढणीवर तिचा दम उखडे. १९५८ या पूर्ण वर्षात अशा २८७ गाड्या खपल्या. मालकांच्या तक्रारी येत राहिल्या, आणि १९६० च्या अखेरीस कंपनीने अमेरिकेला मोटारी पाठवणेच थांबवले. एवढ्या खर्चानंतर हा निर्णय घेणे सोपे नव्हते. डोंगराळ वाटांवर चालणारी लँड क्रूझर ही दणकट गाडी तेवढी विकली जात राहिली, आणि तिच्यामुळे विक्रेते तग धरून राहिले.

मध्यंतरी जपानमध्येही नवा द्रुतगती मार्ग होऊ लागला होता. १९६४ साली त्यावर कोरोना या नव्या मोटारीला लोकांसमक्ष एक लक्ष किलोमीटर पळवण्यात आले. १९६५ साली ती अमेरिकेत गेली. तिचे मालक समाधानी राहिले. १९७५ सालापर्यंत अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मोटारींत टोयोटाचा खप सर्वांहून अधिक झाला होता.

भारतात ही कंपनी आली ती किर्लोस्करांच्या साहाय्याने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर बनवले. पण लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी आरंभी ते घेईनात. गिऱ्हाइकाचा विश्वास मिळण्यास काय पडते, हे या घराण्यालाही ठाऊक होते. १९९७ साली दोघांची भागीदारी झाली आणि बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना निघाला. २००० साली क्वालिस आणि २००५ साली तिच्या जागी इनोव्हा आली. लांबच्या भाड्यांवर जाणाऱ्या महाराष्ट्रातील चालकांनी या गाड्या आपल्याशा केल्या. गाडी वाटेत उभी राहिली तर चालकाचा दिवस बुडतो. म्हणून दिखाव्यापेक्षा ती बसत नाही, हाच गुण तो आधी पाहतो.

अशी कीर्ती झाल्यावर कंपनीची वाढ फार वेगाने होऊ लागली. गाडीचा वेग आपोआप वाढतो, अशा तक्रारी अमेरिकेतील काही मालक करीत होते. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच लेक्सस गाडीचा वेग आवरेनासा झाला आणि अपघातात चौघांचा अंत झाला. पायाखालच्या चटईत वेगाचे पेडल अडकले होते. काही गाड्यांत ते पेडलच चिकटून राहते, असेही आढळले. ऐंशी लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी साकिचींचे पणतू आकिओ टोयोदा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. माणसे शिकवून तयार करण्याच्या वेगापेक्षा कंपनी अधिक वेगाने वाढली, असे त्यांनी कबूल केले आणि क्षमा मागितली. पण प्रकरण तेथे मिटले नाही. या दोषांविषयी कंपनीने लोकांची दिशाभूल केली होती, हे पुढे उघड झाले, आणि २०१४ साली तिला १२० कोटी डॉलर भरावे लागले. कारखान्यात दोरी होती; मात्र मालकांनी दूरवरून ओढलेली दोरी वेळेवर कोणी पाहिली नव्हती.

तोपर्यंत गाड्या परत बोलावण्याचे निर्णय जपानमधील मुख्य कचेरीत होत असत. त्यानंतर निरनिराळ्या देशांतील अधिकाऱ्यांना त्यांत बोलण्याचा हक्क देण्यात आला, म्हणजे तक्रार जेथे उठे तेथील माणूस आता निर्णयाच्या वेळी हजर असे. २४ फेब्रुवारी हा दिवसही कंपनीने त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ ठरवून ठेवला.