माल्टा ताप: चार मिनिटांची चाचणी आणि तिच्या आधीचे प्रश्न

तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी ताप चढतो, पहाटे घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि गुडघे धरतात. मलेरिया आणि टायफॉइडचे रिपोर्ट मात्र निगेटिव्ह. असा रुग्ण समोर बसला की ब्रुसेलोसिस, म्हणजेच माल्टा ताप, मनात आणावा. रोझ बेंगॉल चाचणीला टाईलवर चार मिनिटे लागतात. पण तिची पहिली पायरी डॉक्टरांच्या खोलीतच चढावी लागते.

‘कच्चे दूध प्यायलात का?’ एवढ्या प्रश्नाने भागत नाही. माल्टा आणि गोझो बेटांवर शेळी-मेंढीच्या दुधाचे ‘ज्बेयना’ नावाचे छोटे गोल चीज घरोघरी खाल्ले जाते. चीज म्हणजे दूधच, हे खाणाऱ्याच्या ध्यानात नसते आणि तो सरळ ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. म्हणून चीज खाल्ले का, ते दुकानातले की ओळखीच्या शेतकऱ्याकडचे, ताजे की वाळवलेले, असे खोदून विचारावे. १९३८ मध्ये माल्टात पाश्चराइज्ड दूध आले, तरी १९९५ मध्ये तिथे ब्रुसेलोसिसची साथ आली ती अशाच मऊ चीजमधून. आपल्याकडे निरसे दूध पिणारे कमी, म्हणून महाराष्ट्रात रोख हातांकडे वळवावा. गोठ्यात किंवा कळपात एखादे जनावर गाभडले का? जार कोणी ओढला, उघड्या हातांनी का? मेंढपाळ, पशुवैद्य, खाटीकखान्यातले कामगार यांना हा प्रश्न चुकवू नये.

आता रक्त. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरच्या बाटल्या भराव्यात, शक्यतो दोन वेगवेगळ्या वेळी. सोबत साध्या नळीत पाच मिलिलिटर रक्त सीरमसाठी. मागणीपत्रावर ‘ब्रुसेलाची शंका’ हे शब्द ठळक लिहावेत. त्याचा उपयोग रुग्णाइतकाच तंत्रज्ञालाही आहे. हा जंतू श्वासावाटे सहज शरीरात शिरतो आणि प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या संसर्गांत त्याचा नंबर फार वरचा आहे. कल्चरची प्लेट उघडून वास घेण्याची जुनी सवय असलेले लोक अजून भेटतात. इथे ती सवय महागात पडते. बाटलीत वाढ दिसली की पुढचे सगळे काम सुरक्षा कॅबिनेटमध्ये. शिवाय हा जंतू सावकाश वाढतो, म्हणून दोन दिवसांत काही दिसले नाही तर बाटली काढून टाकू नये.

टाईलकडे वळू. सीरम आणि अँटिजेन दोन्ही फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत. घाईत थंडच वापरले तर प्रतिक्रिया मंदावते. अँटिजेनची कुपी हलकेच उलटसुलट करावी, म्हणजे तळाशी बसलेला गुलाबी गाळ सारखा मिसळतो. जोरात हलवून फेस आणू नये. ही कुपी चुकून बर्फाच्या कप्प्यात गेली असेल तर ती फेकूनच द्यावी.

पांढऱ्या टाईलवर सीरमचा ३० मायक्रोलिटरचा थेंब टाकावा, त्याच्या शेजारी तेवढाच अँटिजेनचा. किटच्या माहितीपत्रकात वेगळे माप असेल तर तेच पाळावे. दोन्ही थेंब नव्या काडीने मिसळून साधारण दोन सेंटिमीटरचे वर्तुळ करावे. बाजूच्या दोन चौकटींत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल हवेतच. ते न लावता दिलेला निकाल मी तरी मानत नाही. मग टाईल हातात धरून संथपणे पुढेमागे झुलवावी, घड्याळ लावून चार मिनिटे. प्रतिपिंडे भरपूर असतील तर मिनिटभरातच गुलाबी रंगात दाणे धरू लागतात आणि मधला द्रव निवळतो. कमी असतील तर शेवटच्या मिनिटात कडेला बारीक रवाळ रेघ उमटते. उजेडाकडे तिरपी धरून ती पाहावी, आणि दिसली तर पॉझिटिव्हच म्हणावी. वेळ संपल्यावर पुन्हा डोकावू नये. कडा सुकल्या की खोटे दाणे दिसतात.

या टाईलमागचे तत्त्व जुने आहे. डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात मरण पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू सापडल्याचे १८८७ मध्ये जाहीर केले. रुग्णाच्या सीरमने तो गुठळ्या धरतो, हे आलमरॉथ राइट यांनी १८९७ मध्ये दाखवले. तो माणसात येतो कुठून, हे कोडे मात्र सुटत नव्हते. १९०५ च्या जूनमध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांनी शेळ्यांचे रक्त याच कसोटीला लावले. त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, रस्तोरस्ती फिरवून दारात धार काढून दिल्या जात होत्या. त्यांच्या रक्ताने जंतू गुठळ्या धरू लागला. पुढच्या वर्षी फौजेचे शेळीचे दूध बंद झाले आणि छावणीतला ताप झपाट्याने उतरला. (हेच झामित पुढे तार्शिनची पाषाणयुगीन मंदिरे उकरून काढणारे पुरातत्त्वज्ञ म्हणूनही गाजले.)

टाईल पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच गोळ्या लिहू नयेत. मेंढपाळाच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे वर्षानुवर्षे राहतात, आणि यर्सिनियाच्या एका प्रकारामुळेही चाचणी फसते. सीरमची दुप्पट-दुप्पट पातळ मालिका करून नळीतली चाचणी लावावी. १:१६० किंवा त्याहून वरचे टायटर आणि जुळणारी लक्षणे असतील तर निदानाला जोर येतो; दोन आठवड्यांनी घेतलेल्या नमुन्यात ते चौपट झाले तर शंका उरत नाही. मालिका पुरेशी लांब न्यावी. प्रतिपिंडे अतोनात असली की सुरुवातीच्या नळ्या कोऱ्या दिसतात आणि तिथेच थांबणारा फसतो.

उपचारात एकाच औषधावर विसंबू नये, ताप उलटतो. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सहा आठवडे, जोडीला दोन ते तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची रोज एक ग्रॅमची इंजेक्शने, किंवा सहा आठवडे रिफाम्पिसिन. रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन क्षयावरही चालतात. म्हणून कंबर धरलेल्या रुग्णाच्या मणक्यात क्षय नाही ना, हे आपल्याकडे आधीच पाहावे लागते. गरोदर बाई, लहान मूल, मणका किंवा हृदयाची झडप धरलेला रुग्ण यांचा हिशेब वेगळा. तो तज्ज्ञाकडे सोपवावा. दहा दिवसांत बरे वाटले की गोळ्या सोडण्याकडे कल असतो, म्हणून सहा आठवड्यांची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. नंतर वर्षभर रुग्णाला अधूनमधून बोलावून ताप, वजन आणि सांधे पाहावेत.

रुग्णाची नोंद आरोग्य खात्याला कळवावी. घरात तेच चीज खाल्लेले किंवा त्याच कळपात राबणारे आणखी कोणी असतील, तर ताप येण्याची वाट न पाहता त्यांचेही सीरम मागवून घ्यावे.