लॅपटॉप भंगारात देण्याआधी

मैत्रिणींनो, आपल्या प्रभागसंघाचा लॅपटॉप चालू करून गॅसवर आधण ठेवलं, तर चहा आधी होतो! बैठकीत "नवीनच घेऊ" असं ठरत आलं होतं. पण नवीन म्हणजे निधीला हात. म्हणून मी आणि लेखापालताई बदलापूरहून लोकल पकडून उल्हासनगरला गेलो. पहिला दुकानदार न उघडताच म्हणाला, "बोर्ड गेलाय, टाकून द्या." दुसऱ्याने उघडून दाखवलं. बोर्ड ठीक होता, हार्डडिस्क थकली होती.

हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि माहिती शोधायला वेळ घेते. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून काम झटपट होतं. आमच्या मॉडेलला जुन्या डिस्कच्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी बसली. सोबत चार जीबीची रॅम आठ केली. रॅम घेताना डीडीआर३ की डीडीआर४ ते नीट बघा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची बसत नाही. जोर लावू नका.

पण सुटे भाग बदलण्याआधी माहितीची नक्कल काढा, हे फार महत्त्वाचं. आमची कर्जाची नोंदवही त्याच डिस्कवर होती. आधी पेनड्राइव्हवर घेतली, उघडून तपासली, मगच स्क्रू काढू दिला.

कोणाला घरी करायचं असेल तर चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, आणि झाकण उघडताच बॅटरीची वायर आधी सोडवा. स्क्रू लहानमोठे असतात, कोणता कुठला ते कागदावर चित्र काढून त्यावरच ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की आतला बोर्ड फुटू शकतो. सिंथेटिक साडीच्या पदराने स्थिर वीज तयार होते, ती रॅमला मारते. पदर खोचा, आधी लोखंडाला हात लावा.

टचपॅड वर आलाय? मग बॅटरी फुगलीय. ती टोचू, दाबू नका, चार्जिंगही नको. घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आणखी एक. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तो सुटे भाग बदलून परत येत नाही, त्यामुळे पुढची सोय काय ते दुकानातच विचारा.

दुकानदार जुनी डिस्क ठेवून घेत होता, आम्ही मागून आणली. तिच्यात सगळ्या बायांचे आधार आणि बँक खात्यांचे नंबर आहेत. आता ती कोषाध्यक्ष ताईंच्या कपाटात कुलपात आहे.