बेवारस वाहने : कायदा आणि गावाची जबाबदारी

शाळेच्या कुंपणालगत किंवा एस. टी. थांब्याजवळ वर्षानुवर्षे गंजत पडलेली जीप हे दृश्य आता केवळ शहरांपुरते मर्यादित राहिलेले नाही. अशा वाहनामुळे रस्ता अडतो, पत्र्याने व काचांनी मुलांना इजा होण्याचा संभव असतो. याहून मोठा धोका आरोग्याचा आहे. टायरांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे ८ ते १० दिवस पुरतात. ही अंडी कोरड्या टायरातही कित्येक महिने टिकून राहतात. यास्तव केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. ते वाहनच हटविणे आवश्यक ठरते.

वाहन हटविण्याचा अधिकार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ अन्वये, इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडून देण्यास मनाई आहे. कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी १० तास किंवा अधिक काळ बेवारस राहिलेले वाहन ओढून नेण्यास त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. मोडके, जळालेले किंवा सुटे भाग काढलेले वाहन वाहतुकीस धोकादायक ठरत असल्यास ते तत्काळ हलविता येते. ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो.

पंचायतीने काय करावे?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचा अधिकार पंचायतीस दिलेला आहे. तथापि अडथळा दूर करणे वेगळे आणि वाहनाची विल्हेवाट लावणे वेगळे. गंजलेले असले तरी ते वाहन कोणाच्या तरी मालकीचे असते. ते चोरीचे किंवा एखाद्या गुन्ह्यातील पुरावाही असू शकते. म्हणून ते परस्पर भंगारवाल्यास विकणे पंचायतीच्या अंगाशी येऊ शकते.

योग्य मार्ग असा : प्रथम पंचनामा करून नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक व इंजिन क्रमांक टिपून घ्यावेत आणि छायाचित्रे काढावीत. नंतर पोलीस ठाण्यास लेखी कळवून पोच घ्यावी. परिवहन कार्यालयातील नोंदीवरून मालकाचा, तसेच वाहनावर कर्ज असल्यास त्या संस्थेचा, शोध लागतो. मालक अज्ञात असल्यास पोलिसांच्या अहवालावरून दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ५०३ अन्वये उद्घोषणा काढू शकतात. उद्घोषणेपासून ६ महिन्यांत हक्क सिद्ध करणारा कोणी पुढे न आल्यास पुढील विल्हेवाटीचा मार्ग मोकळा होतो.

मालकाचे हित कशात?

वाहन निकामी झाले की जबाबदारी संपली, हा समज चुकीचा आहे. वाहन कायमचे निरुपयोगी झाल्यास मालकाने १४ दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे कलम ५५ सांगते. नोंदणी ज्याच्या नावे असते तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय. वाहन विकले तरी नोंदणी बदलली नसल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्रात वाहन जमा केल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्याच्या आधारे नव्या वाहनाच्या करात सवलत देण्याची तरतूदही आहे.

आरंभ स्वतःपासून

शासकीय कार्यालयांनीही आपल्या आवाराकडे पाहावयास हवे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांचा मात्र यात अपवाद आहे. अशी वाहने आवारात पडून राहिल्यास नागरिकांना नोटीस देण्याचा नैतिक अधिकार कसा उरेल?

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत गावातील बेवारस वाहनांची यादी वाचून दाखवावी, शिक्षकांनी शाळेच्या परिसरातील वाहनांची माहिती पंचायतीस द्यावी आणि प्रत्येक नावापुढे झालेली कार्यवाही लिहावी. यादी लहान असतानाच हे काम सोपे असते.