गुदाशयाच्या कर्करोगावरील मूळ निबंध

गुदाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया शिकू पाहणाऱ्या शल्यचिकित्सकाने पाठ्यपुस्तकावरच विसंबून न राहता काही मूळ निबंध वाचावयास हवेत. त्यांत पहिला मान अर्नेस्ट माइल्स यांच्या १९०८ सालच्या, ‘लॅन्सेट’मधील निबंधाचा. लंडनच्या या शल्यचिकित्सकाने केवळ गुदद्वाराच्या बाजूने केलेल्या आपल्या ५७ शस्त्रक्रियांचा हिशेब दिला. त्यांपैकी ५४ रुग्णांमध्ये रोग पुन्हा उद्भवला होता. आपले अपयश इतक्या उघडपणे छापणे आजही विरळाच! रोग वरच्या दिशेनेही पसरतो हे ओळखून त्यांनी उदर व गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली.

तरीही अनेकांच्या कटिरात रोग परतत राहिला. १९८२ मध्ये हील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुदाशयाभोवतालच्या मेदयुक्त आवरणाकडे लक्ष वेधले. ते अखंड काढले नाही तर त्यात कर्करोगाचे सूक्ष्म अंश मागे राहू शकतात. १९८६ मध्ये क्वर्क व सहकाऱ्यांनी ५२ रुग्णांच्या काढलेल्या भागांचे आडवे छेद घेऊन तपासले. १४ रुग्णांत रोग बाजूच्या कडेपर्यंत पोहोचला होता, आणि त्यांतील १२ जणांत तो परतला. ज्याला रोगाचा उग्रपणा समजले जाई, तो पुष्कळदा अपुऱ्या छेदनाचा परिणाम होता. हे दोन निबंध शेजारी ठेवूनच वाचावेत.

नेदरलँड्समधील चाचणीचा अहवाल २००१ सालचा. शस्त्रक्रियेपूर्वी अल्पकाळ किरणोपचार दिल्यास दोन वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव ८.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर येतो, असे तीत आढळले. हयात रुग्णांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले.